सरळ वर उठणारं आरसी विमान: जोडणीपासून पहिल्या ट्रान्झिशनपर्यंत

व्हीटॉल (सरळ वर उठणारं आणि सरळ खाली उतरणारं) विमान म्हणजे एकाच सांगाड्यात बसवलेली दोन यंत्रं. जमिनीजवळ ते ड्रोनसारखं मोटर्सच्या जोरावर लटकलेलं असतं आणि वेग आला की पंखांवर उडतं. ही दोन्ही कामं सुटी सुटी जमवणं फार कठीण नाही. कठीण आहे तो एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचा दहा-बारा सेकंदांचा टप्पा, म्हणजे ट्रान्झिशन. त्याहून कठीण परतीचा टप्पा, कारण तो येतो बॅटरी उतरत आल्यावर आणि नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त वीज लागते. विमान निवडण्यापासून बॅटरीचा अलार्म लावण्यापर्यंतचे सगळे निर्णय याच दोन टप्प्यांकडे बघून घ्यायचे.

कोणता प्रकार घ्यावा

मुख्य प्रकार तीन. टेलसिटर शेपटीवर उभं राहतं आणि उठल्यावर संपूर्ण विमानच आडवं होतं. त्यात भाग कमी लागतात, पण उभं असताना पूर्ण पंख वाऱ्याला आडवा येतो, त्यामुळे थोड्या वाऱ्यातही उतरवणं जड जातं. टिल्टरोटरमध्ये मोटर्सच वळतात. वजन वाचतं, कारण त्याच मोटर्स दोन्ही कामं करतात, पण वळवणारा एक सर्व्हो (छोटी वळण-मोटर) किंवा त्याची लिंक सुटली की विमान हातचं गेलं. तिसरा प्रकार क्वाडप्लेन: नेहमीचं विमान, पंखांना दोन आडवे दांडे, त्यांवर उचलणाऱ्या चार मोटर्स आणि पुढे ढकलणारी पाचवी. हवेत चार मोटर्स बंद पडून नुसतं वजन आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढवतात, हा त्यातला तोटा. तरीही पहिलं व्हीटॉल म्हणून क्वाडप्लेनच घ्यावं. त्यात हलणारी यांत्रिक जोडणी सर्वांत कमी असते आणि ट्रान्झिशन फसलं तर चार मोटर्स लगेच विमान सांभाळतात. पुढची सगळी माहिती क्वाडप्लेनची आहे.

आकडे आधी, खरेदी नंतर

उदाहरणासाठी १.३ मीटर पंखांचं, सरासरी २२ सेंटीमीटर कॉर्डचं (पंखाची पुढून मागे रुंदी) फोमचं विमान घेऊ. उड्डाणाचं एकूण वजन २ किलो. पंखांचं क्षेत्रफळ साधारण ०.२८६ चौरस मीटर, म्हणजे विंग लोडिंग दर चौरस मीटरला ७ किलो. अशा पंखाचा स्टॉल वेग (याखाली पंख विमान पेलत नाही) समुद्रसपाटीवर सेकंदाला सुमारे १० मीटर येतो. त्याच्या १.३ पट म्हणजे १३ मीटर, हा आपला किमान हवाई वेग. १६ मीटरला आरामात क्रूझ करता येतं. हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा, सॉफ्टवेअरमध्ये तेच भरायचे आहेत.

उचलणाऱ्या चार मोटर्सचा एकत्रित कमाल थ्रस्ट (जोर) वजनाच्या दुप्पट हवा, म्हणजे प्रत्येकीचा किमान १ किलो. ४एस (चार सेलच्या) बॅटरीवर ९०० केव्हीच्या (व्होल्टमागे मिनिटाला ९०० फेऱ्या) आसपासची २२१६ आकाराची मोटर आणि १०×४.५ प्रॉप (१० इंच व्यास, ४.५ इंच पिच) एवढं काम करतात. पूर्ण थ्रॉटलला अशी मोटर १८-२० अँपियर ओढते, म्हणून ३० अँपियरचे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे कंट्रोलर) घ्या. दुप्पट थ्रस्टवर विमान अर्ध्या थ्रॉटलच्या आसपास तरंगतं आणि उरलेला अर्धा वाऱ्याशी झुंजायला राहतो. दीडपटीवरही ते उठतं, पण परतीच्या ट्रान्झिशनमध्ये खाली धसताना सावरायला ताकद उरत नाही.

ढकलणाऱ्या मोटरचा थ्रस्ट वजनाच्या निम्मा, म्हणजे सुमारे १ किलो पुरे. इथे प्रॉपचा पिच (एका फेरीत तो जितका पुढे सरकतो ते अंतर) मात्र जास्त हवा. ४.५ पिचचा प्रॉप जागेवर जोर देतो, पण वेग वाढला की त्याची ओढ संपते. ९×६ प्रॉप मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे २३ मीटर पिच स्पीड देतो. क्रूझच्या दीडपटीजवळचा हा आकडा योग्य आहे. उचलणाऱ्या मोटरचाच प्रॉप मागेही लावला तर विमान ११-१२ मीटरवर अडकतं आणि ट्रान्झिशन कधी पूर्णच होत नाही.

वीजजोडणीत सगळ्यात जास्त चुका होतात. चार मोटर्सचे ७२ ते ८० आणि पाचवीचे २० ते २५ अँपियर मिळून क्षणभर का होईना, १०० अँपियर लागू शकतात. फ्लाइट कंट्रोलरसोबत (विमान सांभाळणारा छोटा संगणक) येणारी बरीच पॉवर मॉड्यूल ६० अँपियरचीच असतात, ती इथे चालत नाहीत. एक्सटी६० ऐवजी एक्सटी९० कनेक्टर लावा. बॅटरी ४एस ५००० एमएएच, खऱ्या २५-३० सीची (क्षमतेच्या तेवढ्या पट करंट देणारी). सर्व्होंना वेगळा बीईसी (कमी व्होल्टेज देणारा पुरवठा) द्या आणि फ्लाइट कंट्रोलर पॉवर मॉड्यूलवर ठेवा. एखादा सर्व्हो अडकून जास्त करंट ओढू लागला तर त्याच पुरवठ्यावरचा कंट्रोलर रीस्टार्ट होतो आणि हवेतला रीस्टार्ट म्हणजे विमानाचा चुराडा.

दांडे आणि सीजी

विमानाचा सीजी (तोलबिंदू) कॉर्डच्या पुढच्या कडेपासून २५ ते ३० टक्क्यांवर ठेवतात. २२ सेंटीमीटर कॉर्डला ५.५ ते ६.६ सेंटीमीटर. चार मोटर्सचे कर्ण जिथे छेदतात तो बिंदू बरोबर या सीजीवर यायला हवा. तो तीन सेंटीमीटर मागे सरकला तर होव्हरमध्ये (जागेवर तरंगताना) पुढच्या मोटर्सवर भार वाढतो, आणि ट्रान्झिशनच्या शेवटी चारही मोटर्स एकदम सुटल्या की नाकाला झटका बसतो. आधी बॅटरीसह विमानाचा सीजी जमवा, मग त्याभोवती मोटर्सची जागा मोजून दांडे चिकटवा. उलट क्रमाने गेलात तर पुढे शिसं लावत बसावं लागतं.

दांडे कार्बनचे, १२ ते १६ मिलिमीटर व्यासाचे. ते पंखाच्या नुसत्या फोमला चिकटवू नका. आतल्या स्पारला (पंखाच्या आडव्या कण्याला) प्लायवूडच्या खोबणीने बांधा. पंख पिळला की मोटर्सची दिशा बदलते आणि यॉ (नाक डावी-उजवीकडे वळवण्याचं नियंत्रण) घसरते. मोटार बसवून प्रॉपचं टोक हाताने दाबून बघा, दांडा फिरत असेल तर जोडणी पुन्हा करा.

यॉ ही क्वाडप्लेनची जन्मजात कमजोरी आहे. लांब पंखांचं जडत्व मोठं आणि प्रॉप्सच्या प्रतिक्रियेचा जोर तुटपुंजा. त्यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक मोटर २ ते ३ अंश कलती बसवणं. कल असा द्यायचा की तिच्या थ्रस्टचा आडवा भाग सांगाड्याला प्रॉपच्या फिरण्याच्या उलट दिशेने ढकलेल. एक जरी मोटर चुकीच्या बाजूला कलली तरी यॉ आणखी बिघडते, म्हणून चारही मोटर्सवर बाण काढून तपासा.

जीपीएस आणि कंपास जाड तारांपासून किमान १० सेंटीमीटर दूर, शक्यतो नाकावर किंवा छोट्या खांबावर. बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना पिळून न्या, म्हणजे त्यांचं चुंबकीय क्षेत्र बरंचसं रद्द होतं. पिटो नळी (हवाई वेग मोजणारी) उचलणाऱ्या प्रॉप्सच्या झोताबाहेर, पंखाच्या टोकाकडे.

सॉफ्टवेअर

फ्लाइट कंट्रोलरमध्ये टाकायला आर्डुपायलटचं प्लेन फर्मवेअर क्वाडप्लेनसाठी सगळ्यात तयार आहे. 'क्यू_एनेबल' या पॅरामीटरला १ द्या, कंट्रोलर रीस्टार्ट करा आणि यादी पुन्हा वाचून घ्या, तेव्हाच बाकीचे क्यू पॅरामीटर दिसतात. फ्रेम क्लास १ (क्वाड), टाइप १ (एक्स). मूळ मांडणीत आउटपुट १ एलिरॉन (पंखांच्या मागच्या झडपा), २ एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप), ३ थ्रॉटल, ४ रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी झडप) आणि ५ ते ८ उचलणाऱ्या मोटर्स. एक्स मांडणीत वरून पाहता पुढची उजवी (१) आणि मागची डावी (२) घड्याळाच्या उलट फिरतात, पुढची डावी (३) आणि मागची उजवी (४) घड्याळाप्रमाणे. हा क्रम चुकला तर विमान उठता उठताच उलटतं.

किमान हवाई वेग १३ भरा. 'क्यू_असिस्ट_स्पीड' ११ ठेवा: विमान-मोडमध्ये वेग याखाली गेला की चार मोटर्स आपोआप मदतीला येतात. हा आकडा स्टॉलच्या वर आणि किमान वेगाच्या खाली असायला हवा. तो किमान वेगाला चिकटवला तर प्रत्येक वळणावर मोटर्स जाग्या होतात आणि बॅटरी खातात. 'क्यू_ट्रान्झिशन_एमएस' ५००० च राहू द्या. वेग मिळाल्यावर चार मोटर्सचा जोर पाच सेकंदांत हळूहळू उतरतो.

रिमोटच्या तीन टप्प्यांच्या स्विचवर वर क्यू-लॉइटर (जागा धरून तरंगणं), मध्ये क्यू-होव्हर (फक्त उंची धरून तरंगणं) आणि खाली एफबीडब्ल्यूए (पंखांवरचं उड्डाण). क्यू-आरटीएल (आपोआप घरी परतणं) वेगळ्या स्विचवर. मधला टप्पा मुद्दाम क्यू-होव्हर ठेवला आहे, कारण हवेत काही बिनसलं की बोट एक टप्पा वर जाऊन थांबायला हवं. क्यू-लॉइटर जीपीएस आणि कंपासवर अवलंबून असतो, आणि अडचणीच्या वेळी कंपासच बिघडलेला असू शकतो. क्यू-होव्हरला उंचीसाठी बॅरोमीटर पुरतो.

टेबलावरची तपासणी, प्रॉप काढून

या टप्प्यावर एकही प्रॉप लावायचा नाही, पाचव्या मोटरचाही. मोटर टेस्टने एकेक मोटर फिरवा आणि शाफ्टला चिकटपट्टीचा तुकडा लावून दिशा बघा. पाचही ईएससी कॅलिब्रेट करा, नाहीतर एक मोटर इतरांच्या आधी सुरू होते.

मग एफबीडब्ल्यूए मोडमध्ये विमान हातात धरून डावा पंख खाली करा. डावा एलिरॉन खाली गेला पाहिजे, म्हणजे तो पंख उचलायचा प्रयत्न करतोय. नाक खाली केलं तर एलिव्हेटर वर. नाक डावीकडे झटकन वळवलं तर रडर उजवीकडे. स्टिकने दिशा बरोबर आणि हाताने उलटी असेल, तर चॅनल रिव्हर्स रिमोटमध्ये केला गेला आहे. तो रिमोटमध्ये सरळ करून सर्व्होच्या आउटपुटला रिव्हर्स करा. हा फरक लक्षात न आल्याने पडलेली विमानं खूप आहेत, कारण होव्हरमध्ये ही चूक दिसत नाही. ती ट्रान्झिशन पूर्ण झाल्यावरच उघडी पडते.

रिमोट बंद करून फेलसेफ (सिग्नल तुटल्यावरची आपोआप सुरक्षा) लागतो का बघा. पिटोवर हलकी फुंकर मारून हवाई वेगाचा आकडा वाढतो का तेही.

बॅटरीचा हिशेब

दहा इंची प्रॉप्सवर होव्हरला किलोमागे साधारण १७५ वॅट लागतात. २ किलोला ३५० वॅट, म्हणजे ४एसवर सुमारे २४ अँपियर. पंखांवर उडताना तेच विमान १० अँपियरमध्ये भागवतं. आता ५००० एमएएच वाटून घ्या: उठायला आणि पहिल्या ट्रान्झिशनला एक मिनिट, म्हणजे ४०० एमएएच, परत येऊन उतरायला दोन मिनिटं, ८०० एमएएच, आणि २० टक्के, म्हणजे १००० एमएएच अजिबात हात न लावण्याचे. उरले २८०० एमएएच, त्यात १६-१७ मिनिटांचं उड्डाण.

यातला सापळा असा. क्रूझमध्ये १० अँपियरवर व्होल्टेज छान दिसतं आणि सेलमागे ३.६ व्होल्ट बघून आपण निर्धास्त होतो. परतीच्या ट्रान्झिशनमध्ये करंट अचानक तीस-पस्तीसवर जातो आणि तेच सेल ३.३ च्या खाली कोसळतात. म्हणून अलार्म वापरलेल्या एमएएचवर लावा: ३२०० झाले की परतायचं. व्होल्टेजचा अलार्म, सेलमागे ३.५, हा फक्त दुसरा पहारेकरी. होव्हरच्या लॉगमधून (उड्डाणाच्या नोंदीतून) स्वतःच्या विमानाचे खरे अँपियर मिळाले की हा हिशेब नव्याने मांडा.

होव्हर

पहिल्या दिवशी फक्त होव्हर. वारा सेकंदाला ३ मीटरच्या आत, नाक वाऱ्याकडे, विमान आणि तुमच्यात किमान १० मीटर अंतर. आर्म (मोटर्स फिरायला मोकळ्या करणं) नेहमी क्यू मोडमध्येच करायचं. क्यू-होव्हरमध्ये थ्रॉटल मध्याच्या किंचित वर नेऊन एका दमात दोन मीटरवर घ्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर रेंगाळू नका. तिथे प्रॉप्सचा झोत आपटून पंखाखाली परततो आणि विमान उगाच डुलतं.

झपाट्याने थरथरत असेल तर रोल-पिचचे (पंखांचा आणि नाकाचा कल सांभाळणारे) पी आणि डी गेन २० टक्क्यांनी कमी करा. सावकाश झोके खात असेल तर तेवढेच वाढवा. मग उतरून लॉग उघडा. होव्हर थ्रॉटल ०.६ च्या वर असेल तर वजन कमी करा किंवा मोटर्स बदला. पुढे जाऊ नका. व्हायब्रेशन सेकंद वर्गामागे ३० मीटरच्या आत हवं, ६० च्या वर उंचीचा अंदाजच बिघडतो. पुढच्या आणि मागच्या मोटर्सच्या आउटपुटमध्ये १०० मायक्रोसेकंदांहून जास्त फरक दिसला तर सीजी आणि कर्णांचा छेद जुळलेला नाही. कर्णातल्या एका जोडीचं आउटपुट दुसरीहून सतत जास्त असेल तर एखादी मोटर वाकडी बसली आहे.

क्यू-लॉइटरमध्ये विमान हळूहळू वाढत्या वर्तुळात फिरू लागलं तर कंपास चुकतोय. लगेच क्यू-होव्हरवर या, उतरवा आणि कंपास तारांपासून आणखी लांब न्या. हे दुरुस्त होईपर्यंत ट्रान्झिशनचा विचार नको, कारण क्यू-आरटीएल त्याच कंपासवर विसंबून असतो.

पुढे जाताना

समोर वाऱ्याच्या दिशेने २०० मीटर मोकळी जागा आणि ४० मीटर उंची. ज्या ठिकाणी उडवणार तिथल्या उंचीच्या मर्यादा आणि परवानगीचे नियम आधीच बघून ठेवा. ३० मीटरच्या खाली पहिलं ट्रान्झिशन करू नका, सावरायला वेळच मिळत नाही.

नाक बरोबर वाऱ्यात आणा, विमान स्थिर होऊ द्या. स्विच एफबीडब्ल्यूएवर टाका आणि त्याच क्षणी थ्रॉटल ८० टक्क्यांवर न्या. क्यू-होव्हरमध्ये स्टिक मध्यावर असते आणि एफबीडब्ल्यूएमध्ये तीच स्टिक ढकलणाऱ्या मोटरची होते. ती मध्यावरच राहिली तर विमान नऊ-दहा मीटरच्या वेगाने रखडत जातं, पाचही मोटर्स बॅटरी पितात आणि ते डोळ्यांदेखत लांब जातं.

एलिव्हेटरला हात लावू नका. नाक वर ओढावंसं वाटतं, पण त्याने वेग अडतो. चार-पाच सेकंदांत १३ मीटर वेग मिळतो, तसा संदेश ग्राउंड स्टेशनवर (जमिनीवरच्या पडद्यावर) येतो, आणि पुढच्या पाच सेकंदांत चार मोटर्सचा आवाज विरत जातो. 'ट्रान्झिशन डन' दिसेपर्यंत वळायचं नाही. शंभरेक मीटर अंतर यातच जातं. आठ सेकंदांत वेग मिळाला नाही तर परत क्यू-होव्हर. ओढाताण करून काही साधत नाही.

मोटर्स विरताना विमान पाच मीटरहून जास्त खाली बसलं तर किमान वेग १४ करा किंवा पिटोचं कॅलिब्रेशन तपासा; जास्त दाखवणारा पिटो विमानाला खोटा वेग सांगतो. पंखांवर आल्यावर आधी दोन रुंद वळणं, कल ३० अंशांच्या आत, मग ट्रिम, मगच ऑटोट्यून (गेन आपोआप जमवणं).

परतीचा टप्पा

उतरण्याच्या जागेपासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला १०० मीटरवर, ४० मीटर उंचीवर, वाऱ्याकडे तोंड करून सरळ या. थ्रॉटल कमी करून वेग १४ च्या आसपास आणा. आता क्रम महत्त्वाचा: आधी थ्रॉटल स्टिक मध्यावर, मग स्विच क्यू-होव्हरवर. स्टिक वरच राहिली तर विमान रॉकेटसारखं वर चढत जातं आणि उतरण्यासाठी राखलेली बॅटरी तिथेच संपते.

चार मोटर्स जागतात, पाचवी थांबते, पण विमान लगेच थांबत नाही. ४० ते ६० मीटर पुढे घसरत जातं. थांबवायला नाक वर करायचं ते हळू आणि थोडंच, दहा अंशांपर्यंत. एकदम ओढलंत तर पंखांत अजून लिफ्ट आहे, विमान फुग्यासारखं वर जाऊन मग मागे घसरतं. वेग पुरता मेल्यावर, नाक अजून वाऱ्याकडेच असताना, उतरायला सुरुवात करा. पंख आडवा आला की वारा त्याच्याखाली शिरतो आणि चार मोटर्सना ते आवरत नाही.

खाली येण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत ठेवा. त्याहून भरभर सरळ खाली आलं की प्रॉप्स स्वतःच्याच झोतात अडकतात, विमान थरथरतं आणि थ्रॉटल देऊनही धसतच राहतं. असं झालं तर थोडं पुढे सरका, स्वच्छ हवा मिळाली की पकड परत येते. शेवटचे तीन मीटर सेकंदाला अर्धा मीटर. टेकल्यावर स्टिक पूर्ण खाली ठेवून मोटर्स थांबेपर्यंत वाट बघा, डिसार्म करा, बॅटरी काढा आणि मगच जवळ जा. चारही मोटर्सना हात लावून बघा. एक इतरांहून स्पष्टपणे गरम असेल तर पुढचं उड्डाण तिथेच थांबवून तिचा कल, बेअरिंग आणि प्रॉप तपासा.